सहलीला न गेलेल्यांचा निबंध

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या इमारतीतले एक गृहस्थ घरी आले. नोकरी कल्याणला, रोजची पहाटेची लोकल, घरात बायको आणि नववीतली मुलगी. हातात मुलीच्या शाळेने दिलेला गुळगुळीत कागद होता. 'युरोप : शैक्षणिक सहल. दहा दिवस, पाच देश.' कलोसियम, पिसाचा मनोरा, आयफेल टॉवर यांची रंगीत चित्रे आणि तळाशी बारीक अक्षरात आकडा : पावणेतीन लाख रुपये.

"साहेब, हिच्या पाटल्या आणि हार ठेवला तर किती मिळतील?"

मला बँकेतून निवृत्त होऊन सहा-सात वर्षे झाली, तरी आसनगावात सोने तारण ठेवण्याआधी लोक माझ्याकडे डोकावतात. मी कागदावर हप्ते मांडून दिले. सहल दहा दिवसांची होती, दागिने सुटायला तीन वर्षे लागणार होती. गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला. "नाही म्हणालो असतो हो. पण बेचाळीस मुलांतली अकरा चाललीत आणि हिची बाकावरची मैत्रीण त्यात आहे."

वाचकहो, परदेश प्रवासाला माझा विरोध नाही. निवृत्तीनंतर मी आणि सौभाग्यवती एका सहल कंपनीबरोबर रोमला जाऊन आलो. कलोसियमपुढे आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली; त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. उरलेल्या पंचवीस मिनिटांत मी त्या कमानींकडे जे पाहत राहिलो, ते अजून आठवते. ज्याला परवडते त्याने मुलांना जरूर न्यावे. माझे भांडण फक्त 'शाळेची सहल' या शब्दांशी आहे. ज्या सहलीला वर्गातली एकतीस मुले जाऊ शकत नाहीत, ती शाळेची कशी? ती अकरा घरांची सहल. तिचे पत्रक वर्गात का वाटायचे?

मी हे तावातावाने लिहितो आहे, त्याला कारण आहे. १९७३ साली मी नववीत होतो. शाळेची सहल वेरूळ-अजिंठ्याला निघाली. वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी सहल नव्हती. वार्षिक परीक्षेत मात्र मराठीच्या पेपरात निबंध आला, 'माझी अविस्मरणीय सहल'. सहलीला न गेलेली आम्ही नऊ मुले होतो. आठ जणांनी दुसरा विषय घेतला. मी वेरूळ लिहिले. कैलास लेण्याच्या काळोखात शिरताना छातीत कसे धडधडले, याचे दोन परिच्छेद. दहापैकी आठ गुण पडले. माझी पहिली कादंबरी तीच, असे मी गमतीने म्हणतो. पुढे एक्केचाळिसाव्या वर्षी बँकेच्या एलएफसीवर वेरूळला गेलो, तेव्हा कळले की कैलास लेण्यात तसा काळोख नाहीच. ते डोंगरातून वरून खाली कोरत आणलेले, आकाशाखाली उघडे मंदिर आहे. बायकामुले पुढे गेली. मी तिथेच उभा राहून चौदा वर्षांच्या स्वतःची लाज काढत होतो.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. वेरूळची गाडी परतल्यावर, एका रविवारी आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हा नऊ जणांना नाणेघाटात नेले होते. मुरबाडची एसटी, वैशाखऱ्याच्या पुढे उतरून जंगलातून चढण, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. वर गुहेच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, ब्राह्मी लिपीतला. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचा तो हिशेब : किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण नाणी. दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे दगडात कोरलेले. सरांनी आम्हाला ते वहीत उतरवून घ्यायला लावले. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात गोळा होई असे म्हणतात. पुढे आयुष्यभर कॅश काउंटरशी संबंध आला, पण माझा पहिला काउंटर तो रांजण.

आणि तरी परीक्षेत मी नाणेघाट लिहिला नाही. ती मला सहलच वाटली नव्हती. वेगळी गाडी नव्हती, वर्गणी नव्हती, परतल्यावर कोणी हेव्याने काही विचारले नव्हते.

रोमला गेलो तेव्हा हे सगळे डोक्यात होते. कल्याण बंदरात उतरलेला माल जुन्नरकडे चढायचा तो याच नाणेघाटातून, आणि त्या व्यापाराचे दुसरे टोक रोमन साम्राज्यात होते. भारत दरवर्षी आपल्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवली आहे. परकीय चलनाची चिंता काही रिझर्व्ह बँकेपासून सुरू झालेली नाही! हाच प्लिनी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेला. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक छोटी हस्तिदंती मूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, आपल्या घडणीची बाई. त्याच धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला निघाल्या आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. म्हणजे युरोप पाहायचा तर सुरुवात मुरबाड तालुक्यातूनही होते. ज्या मुलाने नाणेघाट पाहिला, त्याला रोममध्ये विचारायला एक प्रश्न तरी असेल. बाकीच्यांना मनोऱ्याला हात टेकल्याचा फोटो मिळेल.

मुलांना दूर न्यायचेच तर रीत आहे. पुणे जिल्हा परिषदेने २०२५ मध्ये 'आयुका'च्या मदतीने आपल्या शाळांतल्या मुलांची परीक्षा घेऊन, निवडलेल्यांना इस्रो आणि नासा दाखवण्याचा उपक्रम हाती घेतला. निवडीत सगळीच मुले जात नाहीत, हे खरे. पण मागे राहिलेल्या मुलाला आपल्या बापाच्या पगाराची लाज वाटत नाही. एवढा फरक मला पुरेसा आहे. आणि एसटी शाळांच्या सहलींना निम्म्या भाड्याची सवलत देते, ती वॉटर पार्कपुरतीच आहे असे कोणी सांगितले?

शेजाऱ्यांना मी हे सगळे ऐकवले नाही. तारण ठेवायला निघालेल्या माणसाला सातवाहन सांगू नयेत. हप्त्यांचा कागद देऊन म्हणालो, "मुलीला दाखवा. तिला कळेल तेवढी ती मोठी आहे."

दोन दिवसांनी मुलगीच आली. "आजोबा, आईचा हार नको ठेवायला. पण वर्गात काय सांगू?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. अजूनही नाही. मी कपाटातून १९७३ सालची ती वही काढली. पाने पिवळी पडलीत, पेन्सिलीने उतरवलेले आकडे अजून दिसतात. तिने त्यातला एक बोटाने गिरवला आणि विचारले, "हा सात आहे?"

येत्या रविवारी आम्ही जातो आहोत. ती, तिचे बाबा आणि वर्गातल्या, युरोपला न जाणाऱ्या तिघी. शहापूर, किन्हवली, सरळगाव आणि पुढे वैशाखरे. माझे गुडघे किती चढतील ते पाहू. पाणी भरपूर घ्या, असे मी त्यांना बजावले आहे, आणि प्रत्येकीने एक वही.