घरामागील टाकी आणि वृद्धांचे आरोग्य

रुग्णाच्या औषधांच्या वेळा आणि रक्तातील साखरेचे आकडे आपण न चुकता लिहून ठेवतो. मात्र घरामागील सेप्टिक टँक शेवटचा केव्हा उपसला, या प्रश्नाचे उत्तर फार थोड्या घरांत मिळते. जेथे भुयारी गटार पोहोचलेली नाही, तेथे ही टाकीच मैलापाण्याची विल्हेवाट लावीत असते. ती बिघडली तर त्याचा पहिला फटका घरातील वृद्धांना बसतो; कारण तरुणाला दोन दिवस हैराण करणारे जुलाब उतारवयात शरीरातील पाणी झपाट्याने घटवून जिवावर बेतू शकतात.

टाकीचे कार्य साधे आहे. जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, स्निग्ध पदार्थ वर तरंगतात आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. तळाचा मैला प्राणवायूविना जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. हे जिवाणू आपले मूक सेवकच होत. संडास स्वच्छ करताना ॲसिड किंवा फिनेल बाटलीच्या बाटली ओतले, तर ते मरतात. ब्रश आणि थोडा साबण रोजच्या स्वच्छतेस पुरेसा असतो.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी आणखी दोन पथ्ये पाळावीत. प्रौढांचे डायपर, ओले पुसणे आणि कापूस कमोडमध्ये टाकू नयेत. ते कुजत नाहीत आणि नळ तुंबवतात. कागदात गुंडाळून ते वेगळ्या कचऱ्यात द्यावेत. उरलेल्या गोळ्याही कमोडमध्ये सोडू नयेत. प्रतिजैविके टाकीतील जिवाणूंना मारक ठरू शकतात आणि औषधांचे अंश भूजलात उतरू शकतात.

आता विहिरीचा विचार करू. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांत किमान ६० फूट अंतर असावे. कोकणातील जांभ्या कातळात भेगांवाटे पाणी न गाळताच दूर जाते, तेथे हे अंतर जितके अधिक तितके बरे. काळ्या मातीत पाणी फार सावकाश मुरते, म्हणून पावसाळ्यात टाकी तुडुंब भरून मैलापाणी अंगणात येते. अंतर कमी असेल, तर पिण्याचे पाणी उकळूनच द्यावे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर विहिरीचे पाणी तपासून घ्यावे.

स्नानाचे व कपडे धुण्याचे पाणी टाकीत सोडू नये. त्याने टाकी लवकर भरते आणि गाळ बसण्यास उसंत मिळत नाही. ते केळी, कर्दळ, अळू यांच्या आळ्यांत किंवा वेगळ्या शोषखड्ड्यात मुरवावे. स्वयंपाकघरातील पाण्यातील खरकटे जाळीने आधी अडवावे. सांडपाणी साचून राहिले तर क्युलेक्स डास वाढतात. विदर्भातील अनेक भागांत हत्तीरोग पसरविणारा डास हाच. म्हणून टाकीच्या वायुवाहिनीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवाव्यात. तुटके झाकण वृद्धांच्या व मुलांच्या पायाखाली सापळा ठरते, हेही विसरू नये.

टाकी दर २ ते ३ वर्षांनी उपसावी. भरून वाहण्याची वाट पाहू नये. उपसा केवळ यांत्रिक गाडीनेच करून घ्यावा. कोणाही माणसाला, तो कितीही अनुभवी असला तरी, टाकीत उतरू देऊ नये. आतील हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असल्यास प्रथम वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. मग माणूस काही क्षणांत कोसळतो आणि त्याला वाचविण्यासाठी उतरणाराही परत येत नाही. मिथेन पेट घेतो, म्हणून झाकण उघडल्यावर काडी ओढू नये, विडी पेटवू नये. संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्यानुसार गुन्हा असून पहिल्याच अपराधास २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. गाडीसाठी प्रथम ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत चौकशी करावी.

आपल्या घरातील औषधांच्या वहीत आजच एक ओळ वाढवा : टाकी उपसल्याची तारीख आणि पुढील उपशाचे वर्ष. तारीख आठवत नसेल, तर उपशाची वेळ झाली असेच समजावे.