बाजाराच्या मापात न बसणारी स्त्री

बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या खोपोलीचा कापडाशी संबंध तसा जुना आहे. येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईला वीज जाऊ लागली ती मुख्यतः कापडगिरण्यांची चाके फिरविण्यासाठी. गिरणीतले कापड ताग्यांच्या रूपाने बाजारात येई आणि गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन ते बेतण्याचे काम गावोगावचा शिंपी करी. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाला उतरती कळा लागली. पुढच्या काळात ताग्याची जागा दुकानात टांगलेल्या तयार कपड्यांनी घेतली. या स्थित्यंतराने पुष्कळांची सोय झाली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांची गैरसोय झाली, त्यांत एक वर्ग असा आहे की त्याची तक्रार कोणी गंभीरपणे ऐकूनच घेत नाही. तो वर्ग म्हणजे अतिशय सडपातळ बांध्याच्या प्रौढ स्त्रियांचा.

खोपोलीहून सकाळची लोकल गाठून कल्याण-ठाण्याच्या कचेरीत जाणारी पस्तिशीची एखादी स्त्री डोळ्यांपुढे आणावी. कामावर शोभेल असा, नीट बेतलेला आणि थोडा ऐटदारही कुडता तिला हवा असतो. दुकानातील सर्वांत लहान माप ती घालून पाहते, तर खांदा दंडावर उतरतो, गळा पुढे झुलतो आणि मुंढा काखेखाली लोंबतो. दुकानदार मग भाबडेपणाने तिला मुलींच्या विभागाकडे पाठवितो. तेथे छातीचे माप कदाचित जुळते. परंतु उंची अपुरी, बाही तोकडी, टक्सचा पत्ता नाही आणि अंगभर छापलेली फुलपाखरे! बारीक अंगाच्या स्त्रीला लोक आधीच वयाने लहान समजतात. तिने बँकेच्या खिडकीमागे किंवा वर्गातील फळ्यापुढे अशा वेषात उभे राहिल्यास तिच्या अधिकाराचा मान कोण राखणार? तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. तो प्रतिष्ठेचा आहे.

यावर 'जरा खात जा' हा सल्ला ठरलेला असतो. लठ्ठ माणसाला तोंडावर लठ्ठ म्हणणे असभ्य मानणारी मंडळीही बारीक स्त्रीला 'हडकुळी' किंवा 'काटकुळी' म्हणताना संकोचत नाहीत. ज्या समाजाने कथा-कादंबऱ्यांतील नायिका 'शेलाटी' म्हणून नावाजली, त्याच समाजाच्या बाजारात त्या शेलाट्या स्त्रीला अंगासरसा कपडा मिळू नये, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

अशा स्त्रिया अपवादानेच आढळतात, असे उत्तर व्यापारी देतील. वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने किमान पातळीहून कमी आहे. महाराष्ट्रातील प्रमाण याहून थोडे अधिकच आहे. अर्थात या आकड्यात निव्वळ बांध्याने बारीक असलेल्या स्त्रियांप्रमाणेच पोटभर न मिळाल्यामुळे कृश राहिलेल्याही आल्या. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवरील स्त्रीला आधी पुरेसे अन्न हवे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तथापि कारण कोणतेही असो, पाचांतील जवळपास एक स्त्री ज्या गटात मोडते, त्या गटाला अपवाद मानणारा हिशेब बरोबर कसा म्हणावा?

हा हिशेब कसा मांडला जातो, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वाढीव माप म्हणजे कारखानदाराला वेगळी बेतणी आणि दुकानदाराला अडकून पडणारे भांडवल. म्हणून दोघेही मधल्या, हमखास खपणाऱ्या मापांवर भर देतात आणि दोन्ही टोके सोडून देतात. लहान माप काढताना मधल्या मापाचा नमुना ठरावीक अंतराने आखडला जातो. हाडापेराने नाजूक असलेल्या प्रौढ स्त्रीची ठेवण मुळातून मोजली जात नाही. त्यातून आपल्याकडील मापांचे तक्ते बव्हंशी परदेशी तक्त्यांत फेरफार करून घेतलेले आहेत. त्या परदेशातही घडी नीट बसलेली नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली, त्यांच्या आधारे १९५८ साली प्रमाणक निघाले आणि १९८३ साली ते मागे घेण्यात आले. गिऱ्हाइकाला खूष करण्यासाठी मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची प्रथाही तेथे बोकाळली. चलनवाढीत रुपयाचे जे होते, तेच येथे मापाचे झाले. आकडा तोच राहिला आणि कपडा वाढत गेला. या वाढीत सर्वांत लहान अंगाची स्त्री तक्त्याच्या बाहेरच फेकली गेली.

साडीच्या राज्यात हा प्रश्न नव्हता. साडीला माप नसते आणि ब्लाउज शिंप्याकडे मापानेच शिवला जाई. आजही अशा स्त्रीला खरा आधार शिंप्याचाच आहे. तयार कपड्याच्या कडेच्या शिवणी आत घेणे सोपे असते. खांदा आणि मुंढा दुरुस्त करणे मात्र जवळजवळ नव्याने शिवण्यासारखे असते. म्हणून सैल कपड्यात अंग लपविण्यापेक्षा थोडे अंग असलेले सुती वा हातमागाचे कापड घ्यावे, अंगाला बरोबर बसणारा एखादा कपडा मापाला द्यावा आणि खांद्याच्या बेतणीवर कटाक्ष ठेवावा, हे अधिक शहाणपणाचे. परंतु हा मार्ग वेळ खातो. शिलाईचा खर्च वेगळा, आणि सणासुदीला शिंप्याची तारीख मिळता मिळत नाही. इतरांना दहा मिनिटांत मिळणाऱ्या वस्तूसाठी या स्त्रीला चार खेपा घालाव्या लागतात. हा एक प्रकारचा करच आहे आणि तो फक्त तिच्यावर बसतो.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०१८ साली भारतीय मापांच्या सर्वेक्षणाची योजना जाहीर केली. सहा शहरांतील १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे घ्यावयाची, असा तिचा आराखडा होता. ही दिशा योग्यच आहे. मात्र सरासरीचा नवा तक्ता तयार होऊन भागणार नाही. त्या तक्त्यात टोकाच्या मापांनाही प्रौढ स्त्रीची मापे म्हणून स्थान मिळाले पाहिजे. दुसरे असे, की कपड्यावर नुसती इंग्रजी अक्षरे न छापता खांदा, छाती, कंबर आणि उंची सेंटिमीटरमध्ये छापण्याची सक्ती करावयास हवी. तिसरी गोष्ट खोपोलीसारख्या गावांनाच करता येण्याजोगी आहे. शिवणकाम शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणींनी ब्लाउज आणि पिको-फॉलवरच न थांबता कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या मापाचे कपडे शिवण्याचा व्यवसाय करावा आणि सहकारी पतसंस्थांनी त्यासाठी भांडवल द्यावे. गिऱ्हाईक दारातच आहे; रोज सकाळच्या लोकलने ते पैसे खर्च करण्यासाठी दुसऱ्या गावी जाते आणि पुष्कळदा रिकाम्या हातांनी परत येते.