घटस्फोटाचा पुरावा : कायदा कुठवर साथ देतो?

मुंबई, विशेष प्रतिनिधी

पती-पत्नीपैकी एकाने दुसऱ्याचे दूरध्वनीवरील बोलणे नकळत मुद्रित केले असले, तरी ते ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. भटिंडा येथील कौटुंबिक न्यायालयाने पतीला दिलेली परवानगी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. जोडीदाराच्या भ्रमणध्वनीत डोकावण्याचा जणू परवानाच मिळाला, असा या निकालाचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे. तो अर्थ चुकीचा तर आहेच, शिवाय धोक्याचाही आहे. पुरावा न्यायालयात ग्राह्य ठरणे आणि तो मिळविण्याची पद्धत कायदेशीर असणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या बाबी आहेत.

गुन्हा नाही, पण कारण आहे

भारतीय दंड विधानातील कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्यभिचाराला गुन्ह्याचे स्थान नाही. त्यामुळे अशी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यात अर्थ उरलेला नाही. मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार ते घटस्फोटाचे कारण आजही आहे. १९७६ पूर्वी जोडीदार 'व्यभिचारी जीवन जगत आहे' हे दाखवावे लागे. त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर विवाहानंतरचा एकच स्वेच्छेचा शरीरसंबंध सिद्ध झाला, तरी पुरेसे ठरते.

पोटगीचा निकष वेगळा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार पत्नी 'व्यभिचारी जीवन जगत असेल' तरच तिची पोटगी नाकारता येते. एखाद्या प्रसंगाने ती जात नाही. घटस्फोट मिळाला म्हणजे पोटगीची जबाबदारी आपोआप संपली, असे मानणाऱ्यांचा येथे हमखास भ्रमनिरास होतो.

किती पुरावा लागतो?

असे संबंध चारचौघांत होत नसल्याने प्रत्यक्ष साक्षीदार मिळणे जवळजवळ अशक्यच. न्यायालयेही ते जाणून आहेत. एका मराठी दांपत्याच्या गाजलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले, की वैवाहिक दाव्यांत फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुराव्याची अट नसते. शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते, हे पाहिले जाते. त्याच दाव्याने आणखी एक धडा दिला. पत्नीची क्रूरता सिद्ध होऊनही, त्यानंतरच्या सहजीवनातून पतीने तिला माफ केल्याचे मानले गेले आणि त्याला घटस्फोट मिळाला नाही. हाच नियम व्यभिचारालाही लागू आहे. सर्व समजल्यानंतरही पूर्ववत संसार सुरू ठेवला, तर गोळा केलेला पुरावा निष्फळ ठरू शकतो.

कायद्याच्या चौकटीतले मार्ग

स्वतःला आलेले संदेश व पत्रे, जोडीदाराशी झालेला स्वतःचा संवाद, संयुक्त बँक खात्याचे उतारे, घरात उघड्यावर असलेली बिले आणि पावत्या, शेजारी वा नातेवाइकांची साक्ष ही साधने निर्धोक आहेत. त्यापुढची कागदपत्रे हवी असतील, तर स्वतः शोधमोहीम हाती घेण्याऐवजी न्यायालयाकडे अर्ज करणे श्रेयस्कर. जयपूरच्या एका हॉटेलातील पतीच्या वास्तव्याच्या नोंदी आणि त्याच्या दूरध्वनीचा तपशील मागविण्याची एका पत्नीची विनंती कौटुंबिक न्यायालयाने मान्य केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो आदेश कायम ठेवला. गोपनीयतेचा अधिकार निरपवाद नाही, ही त्यामागची भूमिका होती. ज्या पत्नीच्या हाती पैसा नाही, तिच्यासाठी हा मार्ग विशेष महत्त्वाचा आहे. गुप्तहेराची फी तिला परवडणार नाही. न्यायालयाचे समन्स मात्र हॉटेललाही बंधनकारक असते.

कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ च्या कलम १४ नुसार, वाद सोडविण्यास उपयुक्त वाटेल असा कोणताही पुरावा न्यायालय स्वीकारू शकते. परंतु स्वीकारणे म्हणजे विश्वास ठेवणे नव्हे. आवाज कोणाचा, मुद्रण अखंड आहे की कापलेले, त्याचा वादाशी संबंध काय, या कसोट्या लागतातच. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले होते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये ही अट कायम असून, प्रमाणपत्राचा एक भाग आता तज्ज्ञाने भरावयाचा आहे. म्हणून मूळ फोन जपून ठेवणे आणि त्यातील काहीही न पुसणे हे पहिले पथ्य होय.

जिथे पुरावाच अंगलट येतो

जोडीदाराचा पासवर्ड चोरून त्याचे ई-मेल उघडणे, त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर टाकणे, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरू शकते. शयनगृहात वा स्नानगृहात छुपा कॅमेरा बसविणे हाही गुन्हाच. एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट वा ई-मेलवर पाळत ठेवणे न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार पाठलागाच्या गुन्ह्यात मोडते. नवऱ्याला त्यातून वेगळी सूट दिलेली नाही.

खासगी गुप्तहेरांची बाबही अशीच. सार्वजनिक ठिकाणी निरीक्षण करणे एक आणि दूरध्वनी कंपनीतून नोंदी विकत आणणे दुसरे. ठाणे पोलिसांनी २०१८ च्या आरंभी अशा 'सीडीआर'च्या बेकायदा विक्रीप्रकरणी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक कायद्यात उतरलेच नाही. त्यामुळे गुप्तहेर निवडण्याची जोखीम ग्राहकाचीच राहते.

दुसरा धोका आरोपाचा. पत्नीच्या चारित्र्यावर लेखी कैफियतीत निराधार चिखलफेक करणे ही क्रूरताच होय, असे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले आणि त्याच कारणावर पत्नीला घटस्फोट मिळाला. संशयाच्या बळावर केलेला आरोप असा उलटू शकतो.

मुलांना ओढू नये

'डीएनए' चाचणीचा आग्रह हा या वादांतील सर्वात क्लेशदायक भाग. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचणीस मुभा दिली होती आणि पत्नीने नकार दिल्यास तिच्याविरुद्ध अनुमान काढता येईल, असे म्हटले होते. मात्र पुण्यातील दांपत्याच्या प्रकरणात कौटुंबिक न्यायालयाने दिलेला व मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेला चाचणीचा आदेश २० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आई-वडिलांच्या भांडणात मुलाची ओळख पणाला लावता येणार नाही आणि व्यभिचार अन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतो, हा त्या निकालाचा गाभा आहे.

जुलै २०२५ च्या निकालात न्यायालयाने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. पती-पत्नी परस्परांवर हेरगिरी करू लागले, तर ते नाते मोडल्याचेच लक्षण होय. तेव्हा प्रश्न उरतो तो किंमत मोजण्याचा. व्यभिचाराचा दावा साक्षी, उलटतपासणी आणि अपिलांतून वर्षानुवर्षे चालू शकतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात मात्र सहा महिन्यांची प्रतीक्षाही योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे. ज्यांच्यासाठी तो मार्ग बंद आहे, त्यांनी पुरावा जरूर गोळा करावा. पण पहिली भेट गुप्तहेराची नव्हे, तर वकिलाची घ्यावी.