पाचशे चौरस फुटांचा प्रश्न

गृहनिर्माणाची चर्चा आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्याच्या इमारतींभोवतीच घोटाळत राहते. मंगरूळपीरसारख्या वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी हा प्रश्न असेल, असे राज्यकर्त्यांना वाटत नाही. पुष्कळदा आपल्या कार्यकर्त्यांनाही वाटत नाही. येथे टोलेजंग इमारती नाहीत, चाळी नाहीत, मोकळी जागा मात्र नजर पोहोचेल तिथवर आहे. तरीही येथे बेघर माणूस आहे. बाजार समितीत पोती वाहणारा हमाल, सोयाबीन-कपाशीच्या हंगामापुरता कामाला लागणारा भूमिहीन मजूर, एका भाड्याच्या खोलीत लेकरे वाढवणारी परित्यक्ता, गावाबाहेर बेड्यावर राहणारे पारधी कुटुंब या सर्वांची अडचण एकच आहे. घर बांधण्यासाठी सरकार पैसे देते. पण घर उभे करायचे कोठे?

प्रधानमंत्री आवास योजना नागरी भागात जून २०१५ मध्ये आणि ग्रामीण भागात २०१६ साली सुरू झाली. नगरपरिषदेच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये देण्याची तरतूद तीत होती. ‘स्वतःच्या जागेवर’ या दोन शब्दांतच सारी मेख आहे. ज्याच्या नावावर जागा आहे त्याला अनुदान आणि ज्याच्याजवळ जागाही नाही त्याला नकार, असा हा न्याय आहे. गरिबांमध्येही जो अधिक गरीब, तो गरिबांसाठी काढलेल्या योजनेच्या बाहेर राहतो.

ग्रामीण योजनेच्या मार्गदर्शक सूचना यापुढे एक पाऊल गेल्या आहेत. लाभार्थी भूमिहीन असेल तर त्याला सरकारी अथवा सार्वजनिक जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे, असे त्यांत म्हटले आहे. ही जबाबदारी महाराष्ट्र शासनाने कशी पार पाडली? २०१५ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने एक योजना काढून बेघर लाभार्थ्याला पाचशे चौरस फुटांपर्यंतची जागा विकत घेण्यासाठी पन्नास हजार रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य देऊ केले. ज्या गावात सरकारची जागाच नाही, तेथे हे साहाय्य उपयोगी आहे, हे मान्य केले पाहिजे. पण जेथे सरकार स्वतःच मोठे जमीनधारक आहे, तेथेही त्याने गरिबाच्या हातात चार पैसे ठेवून त्याला खाजगी मालकाच्या दारात पाठवावे, याला काय म्हणायचे? सार्वजनिक पैसा गरिबाच्या हातून जमीनमालकाच्या खिशात जातो आणि रस्त्यालगतच्या जागेचा भाव तेवढा वाढतो. शासनाजवळ जागा असताना जागेची टंचाई निर्माण करण्याचा हा प्रकार आहे.

शासनाजवळ जागा किती आहे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० प्रमाणे जी जमीन अन्य कोणाच्या मालकीची नाही ती राज्य शासनाची. आणि कलम २२ प्रमाणे त्यातील काही गुरचरणासारख्या सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवता येते. वऱ्हाडात अशा चराऊ जमिनीला ‘ई-क्लास’ म्हणतात आणि गावागावातील अडाणी मजुरालाही हा शब्द ठाऊक असतो, कारण त्याची झोपडी अनेकदा तिच्यावरच असते. शहरात नझूलच्या जागा आहेत, निरनिराळ्या खात्यांच्या पडीक जागा आहेत. एकट्या गायरानाचाच हिशेब पाहा. २०२२ साली उच्च न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीप्रमाणे राज्यात सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर गायरान आहे आणि त्यापैकी सुमारे १० हजार हेक्टरांवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे आहेत. म्हणजे एकंदर क्षेत्राच्या सव्वादोन टक्के! ‘गरिबांनी गायराने गिळली’ अशी ओरड करणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

मग उरलेली सार्वजनिक जमीन कोणाच्या उपयोगी पडते? याचे उत्तर शोधायला वाशिम जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. जून २०२२ मध्ये तत्कालीन महसूल राज्यमंत्री अब्दुल सत्तार यांनी या जिल्ह्यातील घोडबाभूळ येथील ३७ एकर १९ गुंठे गायरान एका खाजगी व्यक्तीच्या नावे नियमित करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या आदेशाची गंभीर दखल घेतली आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यावरून गदारोळ झाला. व्यक्तिगत दोषाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. आपण केवळ अंकगणित करू. ३७ एकर १९ गुंठे म्हणजे सोळा लाख चौरस फुटांहून अधिक जमीन. तिची निम्मी रस्ते, शाळा, दवाखाना आणि मैदानासाठी सोडली, तरी उरलेल्या निम्म्या जमिनीत पाचशे चौरस फुटांच्या सोळाशे जागा बसतात. एका कुटुंबाला देऊ केलेली जमीन सोळाशे कुटुंबांच्या घरकुलांएवढी होती!

हा अपवाद मानला, तरी धोरणाची दिशा वेगळी नाही. विदर्भातील नझूलच्या जागांचे निवासी भाडेपट्टे बाजारमूल्याच्या अवघ्या दोन टक्के रकमेत कायमच्या मालकीत बदलून देणारी अभय योजना २०२४ मध्ये आली. ज्यांच्या घरावर आधीच छप्पर होते, त्यांना सार्वजनिक जमिनीची मालकी जवळजवळ नाममात्र मोलाने मिळाली. २०२५ मध्ये एस. टी. महामंडळाच्या मोक्याच्या जागा ९८ वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने खाजगी विकासकांना देण्याचे धोरण ठरले. समृद्धी महामार्ग याच मंगरूळपीर तालुक्यातून जातो; शेलूबाजारला त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यासाठी दहा जिल्ह्यांतील हजारो हेक्टर जमीन सरकारने काही वर्षांत गोळा केली आणि त्यासाठी शेतकऱ्यांना बाजारभावाच्या कितीतरी पट मोबदला मोजला. शासनाने मनात आणले की जमीन मिळते, हे त्यावरून सिद्ध झाले. अडचण जमिनीची नाही. जमीन कोणासाठी, हे ठरवण्याची आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. गायरान ही गावाची गुरचरण आहे. ज्याच्याकडे दोन शेळ्या आणि एक गाय एवढीच मत्ता आहे, त्याचाही आधार तीच आहे. तिच्यावर वसाहती उभ्या केल्या तर एका गरिबाचे घर दुसऱ्या गरिबाच्या चाऱ्यावर उभे राहील. हा आक्षेप खरा आहे. जेथे गुरांना जमिनीची गरज आहे तेथे गायरान गायरानच राहिले पाहिजे, असेच समाजवाद्यांनी म्हटले पाहिजे. घरासाठी प्रथम पाहायच्या त्या नझूलच्या व खात्यांच्या पडून असलेल्या जागा, गावठाणालगतच्या बिनभोगवट्याच्या जागा. पण जेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत तेथे गवत परत आणण्यासाठी घरे पाडा म्हणणे हा न्याय नव्हे. जगपालसिंग खटल्यातील २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना नियमानुसार दिलेल्या जागांचा अपवाद ठेवला होता. २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणे वर्षअखेर हटवण्याचे फर्मान निघाले, तेव्हा नोटिसा गरिबांच्या दारावर चिकटल्या आणि निकालातील तो अपवाद कागदातच राहिला. खुद्द राज्य शासनाने २०१८ साली ग्रामीण व नागरी अशा दोन्ही भागांसाठी, १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे ठरावीक अटींवर नियमित करण्याचे निर्णय काढले होते. एका हाताने नियमित करायचे आणि दुसऱ्या हाताने नोटीस द्यायची, या खेळात गरीब माणूस कायम भयभीत राहतो. आणि भयभीत मतदार सत्ताधाऱ्यांना सोयीचा असतो.

सार्वजनिक जमीन श्रमिकांना मिळाली पाहिजे, ही मागणी आपल्या भूमीत नवी नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनींसाठी सत्याग्रह केले आणि तुरुंग भरले. ती मागणी कसण्याच्या जमिनीची होती; राहण्याच्या जमिनीची मागणी ही तिचीच धाकटी बहीण आहे. मुंबईत मृणाल गोरे, बाबुराव सामंत आदी समाजवादी साथींच्या नागरी निवारा परिषदेने १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा आधार घेऊन दीर्घ लढा दिला आणि गोरेगावला दिंडोशीच्या टेकडीवर सामान्य उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची वसाहत उभी केली. जमिनीचा भाव वजा केला की मुंबईतही सामान्य माणसाला परवडेल असे घर बांधता येते, हे त्या वसाहतीने दाखवले. तो कायदा मंगरूळपीरसारख्या लहान गावांना लागू नव्हताच. आणि महाराष्ट्राने २००७ साली तो रद्द करून टाकला. खाजगी मालकाची अतिरिक्त जमीन घेण्याचे ते हत्यार हातून गेल्यावर, शासनाच्या मालकीची जमीन हाच गरिबांच्या घरांसाठी उरलेला शेवटचा साठा आहे. तो विकला की संपला.

म्हणूनच मालकीचा मुद्दा कळीचा आहे. व्हिएन्ना शहरात समाजवादी नगरपालिकेने १९२३ पासूनच्या दहा वर्षांत श्रीमंतांवर चढता कर बसवून साठ हजारांच्या आसपास घरे बांधली आणि ती नगरपालिकेच्या मालकीची ठेवून कामगारांना माफक भाड्याने दिली. शंभर वर्षे लोटली, तरी त्या घरांत सामान्य माणसे राहतात. सिंगापूरचे राज्यकर्ते समाजवादी म्हणवण्यासारखे नाहीत. पण तेथेही बहुसंख्य जनता सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत ९९ वर्षांच्या पट्ट्याने राहते आणि जमीन सरकारचीच राहते. आपल्याकडे मात्र फुकट वाटणे किंवा लिलावात विकणे, एवढे दोनच मार्ग राज्यकर्त्यांना ठाऊक आहेत. तिसरा मार्ग असा, की जमीन नगरपरिषदेची वा ग्रामपंचायतीची राहील. घर कुटुंबाचे असेल. पट्टा दीर्घ मुदतीचा, वारसाहक्काचा, पती-पत्नी दोघांच्या नावे असेल. पण खुल्या बाजारात तो विकता येणार नाही. ‘गरीब लोक घरे विकून पुन्हा झोपडीत जातात’ असा टोमणा मारणाऱ्यांना हेच उत्तर आहे. आणि अडचणीत सापडलेल्या कुटुंबाची जागा सावकाराच्या घशात जाण्यापासून वाचवण्याचाही हाच उपाय आहे.

या तत्त्वाला शासनाचीही अर्धीमुर्धी मान्यता आहे. विमुक्त-भटक्यांसाठी २०११ मध्ये सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि घर देण्याची तरतूद आहे. घराबरोबर जमीन दिली पाहिजे, हे येथे मान्य झाले. मग जी गोष्ट भटक्याच्या बाबतीत न्याय्य ठरते, ती भूमिहीन मजुराच्या बाबतीत अन्याय्य कशी?

साथींनो, ठराव करून हा प्रश्न सुटणार नाही; त्यासाठी कागद हाती घ्यावे लागतील. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ब मध्ये बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंद असते आणि १-ई मध्ये अतिक्रमणांची. नगरपरिषद हद्दीतील जागांच्या आखीव पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयात असतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे सारे मागता येते. मंगरूळपीर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गावोगावची अशी यादी तयार करून ती ग्रामसभेत आणि चौकात वाचून दाखवावी: सरकारची जागा किती, पडीक किती, कोणाच्या ताब्यात किती. तिच्या शेजारी दुसरी यादी ठेवावी: जागेअभावी घरकुलापासून वंचित राहिलेल्या कुटुंबांची. या दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या की भाषणाची गरज उरणार नाही.

त्यानंतर मागण्या स्पष्ट आहेत. कोणतीही सरकारी जागा विकण्यापूर्वी वा खाजगी विकासकाला देण्यापूर्वी तीवर पहिला हक्क बेघरांचा मानला जावा. जागा कामधंद्यापासून, शाळेपासून दूर माळावर नव्हे, वस्तीलगत दिली जावी. आणि एकेका जातीची वेगळी वसाहत करून जुनी गावकुसे नव्या सिमेंटने बांधली जाऊ नयेत. पर्यायी जागा हातात दिल्याशिवाय राहते घर पाडले जाऊ नये. जमिनीची मालकी सार्वजनिकच राहावी.

जे सरकार रस्त्यासाठी हजारो हेक्टर जमीन उभी करू शकते, त्याला एका मजुरासाठी पाचशे चौरस फूट सापडत नाहीत, हे कोणीही मान्य करू नये. जमीन आहे, तिचा मालक जनता आहे. त्या मालकाने आपला सातबारा आता स्वतः वाचायला शिकले पाहिजे.