पुट्टीखालचा गंज

भाट्ये किनाऱ्यावर लोखंडाला आयुष्य कमी. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज फुगतात, तिथे गाडीच्या पत्र्याची काय कथा! आमच्या अंगणात माडाखाली मरहूम अब्बांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. घरात तिला सगळे ‘फियाट’च म्हणतात. मुंबईत पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आम्हाला मात्र आमच्या गाडीतून अम्मीला एकदा भाट्ये पुलावरून फिरवून आणायचं आहे.

गाडी बाहेरून ठीक दिसत होती. दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो थेट आत गेला. कधीतरी कुणीतरी गंजावर पुट्टी भरून वर रंग मारला होता. पद्मिनीला वेगळी चासी नसते. तळाचा आणि दाराखालचा पत्राच माणसांचा भार उचलतो. तिथे पुट्टी भरणं म्हणजे आत बसणाऱ्याशी धोका.

धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असा आपण (स.) जाब विचारला आणि फसवणारा आमच्यातला नाही, असं सांगितलं. आमचं ओलं धान्य दाराखाली होतं.

म्हणून धाकटा भाऊ वेल्डिंग शिकला. गाडीचा पत्रा जेमतेम १ मिलिमीटरचा. ग्रिल-गेट जोडणारा रॉड त्याला लावला, की जोड राहतो बाजूला, भोकच पडतं. अशा पत्र्याला बारीक तारेचं सीओटू वेल्डिंग लागतं. आधी चमकता पत्रा दिसेपर्यंत गंज कापून काढायचा, मग लांब-लांब टाके घालायचे आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्यायचा. घाई केली की पत्रा वाकडा होतो. वाऱ्याने गॅस उडाला तर जोड चाळणीसारखा होतो, म्हणून दर्याचा वारा सुटण्याआधी, सकाळीच काम.

घरच्यांसाठीही काही नियम आहेत. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधी उतरवून लांब ठेवा; रिकामी टाकीही वाफेने पेटते. अंगावर सुती कपडेच हवेत. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. मुलांना ठिणगी बघू देऊ नका; रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. तेव्हा बटाट्याचे काप ठेवत बसू नका, डॉक्टरकडे जा.

शिकायची इच्छा असलेल्या मुलामुलींसाठी आयटीआयमध्ये वेल्डरचा १ वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आठवी पास पुरे. दाऊद (अ.) लोखंडाची चिलखतं घडवत, हे कुरआनातच आहे. हे हुनर कमी दर्जाचं कसं असेल?

भावाचा पहिला जोड दिसायला सुंदर होता. उस्तादांनी तो पकडीत धरून हातोडा मारला आणि तो सुटला. बाराव्या तुकड्याला पत्रा फाटला, पण जोड टिकला. उजवी बाजू झाली आहे, डावी बाकी आहे. उस्तादांनी दोन्ही तपासल्यावरच अम्मी गाडीत बसेल, इन्शाअल्लाह.