रक्तात काय असतं?

परवा नालासोपाऱ्यात डोंबाऱ्याचा खेळ पाहिला. बाप ढोलकी बडवतोय, पोरगी दोरावरून उतरली आणि तीन लाकडी चेंडू खेळवायला लागली. एक हातात, दोन आभाळात. नजर हातावर नाहीच. वर, जिथं चेंडू वळतो तिथं. सोबत आपला एक कार्यकर्ता होता, भाषणं ठोकणारा. म्हणाला, "यांच्या रक्तातच असतं ते."

दोस्त हो, माझं डोकं फिरलं. रक्तात? मग तुझ्या रक्तात काय आहे रे? मेलेली ढोरं ओढायचं कसब? तुझ्या आज्याला गावानं हेच ऐकवलं होतं. जात ही कामाची नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. आपण ते पाठ केलं आणि डोंबाऱ्याच्या पोरीपाशी येऊन विसरलो!

हातात २७ हाडं. बोटं वाकवणारे जोरकस स्नायू बोटांत नाहीतच, कोपराखाली आहेत. तिथून दोऱ्या ओढल्यासारखी बोटं हलतात. बामणाचा हात असाच, डोंबाऱ्याचाही असाच. २००४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये छापलं : कधी चेंडू न खेळवलेल्या माणसांना तीन महिने तीन चेंडू शिकवले, तर हलती वस्तू टिपणारा मेंदूचा भाग वाढलेला दिसला. सराव सोडला, वाढ ओसरली. यात रक्त कुठं आलं? आला तो सराव. या पोरीचा सराव भुकेनं करून घेतलाय, एवढाच फरक.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाचं अन्न खाऊ नये याची यादी आहे. नट, शिंपी, लोहार, सोनार, बुरूड. हात चालवणारेच सगळे! १९२७ साली महाडला जाळली ती हीच. आणि बुद्ध? सेदक सुत्तात वेळूवर कसरत करणारा आहे. पालीत त्याला चांडालवंसिक म्हटलंय, नीट वाचा. उस्ताद म्हणतो, आपण एकमेकांना सांभाळू. चेला म्हणतो, नाही, ज्यानं त्यानं आपला तोल सांभाळावा, तरच दोघं धड उतरू. बुद्ध चेल्याचं खरं मानतो, भिक्खूंना स्मृतीचा धडा त्यावरून देतो.

रुळांपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तिथं दगडी पेटी काढली. आत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, स्फटिकाचा, सोन्याचा, एकात एक. तिथं आपण वंदना घेतो. ते घडवणारे हात त्याच यादीतले.

मी थाळीत दहाची नोट टाकली. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यानं ती भीक. गाणं, नाच, भविष्य, खेळ करून दाखवणं, सगळी भिकेचीच निमित्तं! १८७१ च्या कायद्यानं अनेक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो गेला, सात वर्षांत हा आला. दिल्लीत उच्च न्यायालयानं २०१८ साली यातली कलमं घटनाबाह्य ठरवली. तो निकाल आपल्याकडं लागू नाही.

"पण आपण तर जातीचे धंदे सोडा म्हणतो," कार्यकर्ता म्हणाला. म्हणतोच. पोरगी शाळेतच गेली पाहिजे. पण धंदा सोडणं तिच्या मर्जीनं, पोटाला दुसरं काही मिळाल्यावर. पोलिसाच्या दांडक्यानं नव्हे. त्या व्याख्येतून 'खेळ करून दाखवणं' काढा, ही मागणी मी रविवारच्या बैठकीत मांडणार आहे.

तो म्हणाला, "आधी आपले प्रश्न घेऊ."

मी विचारलं, आपले म्हणजे कुणाचे? तो लोकल पकडायला निघून गेला.