तंजावूरची खोली आणि पंचाहत्तर टक्क्यांचा आकडा

घरातल्या सायकलीवरचा व्यायाम अर्ध्यावर सुटला की ॲपच्या पडद्यावर ‘अपूर्ण’ असा शेरा उमटतो. प्रशिक्षक चिकाटीवर प्रवचन देतात आणि तरुण सायकलपटू स्वतःला दुबळा समजू लागतो. हा निवाडा पुष्कळदा अन्यायाचा असतो. तो अन्याय दाखवून देण्यासाठी बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

उदाहरणादाखल तंजावूरमधील वसतिगृहाची एक बंद खोली घ्यावी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील दमट संध्याकाळ, स्मार्ट ट्रेनरवर बसवलेली सायकल आणि तिच्यावर ६५ किलो वजनाचा एक विद्यार्थी. आठवड्यापूर्वीच्या चाचणीने त्याची क्षमता २२९ वॅट ठरवली आहे. आजच्या व्यायामात त्याच शक्तीने वीस मिनिटांचे दोन टप्पे करायचे आहेत. बाराव्या मिनिटाला पाय थांबतात. दोष कोणाचा?

प्रथम चाचणी तपासू. ‘एफटीपी’ म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी शक्ती. हंटर ॲलन आणि अँड्र्यू कॉगन यांच्या २००६ सालच्या पुस्तकाने ही संज्ञा घरोघरी पोहोचवली. परंतु तासभर जीव तोडून पेडल मारण्याची तयारी फार थोड्यांची असते. म्हणून वीस मिनिटांच्या सरासरीचे ९५ टक्के, किंवा दर मिनिटाला चढत जाणाऱ्या चाचणीतील अखेरच्या मिनिटाचे ७५ टक्के, असे सोपे मार्ग रूढ झाले. हे गुणक अनेकांच्या सरासरीतून आले आहेत. सरासरी कोणा एकाची नसते, ही गोष्ट मात्र ॲपच्या पडद्यावर कोठेच लिहिलेली नसते.

मोनो आणि शेरेर यांनी १९६५ मध्ये स्नायूंच्या कार्यक्षमतेचे एक साधे सूत्र मांडले. प्रत्येकाची एक सीमाशक्ती असते. तिच्याखाली दीर्घकाळ काम करता येते. तिच्यावर गेल्यास एक मर्यादित साठा खर्च होऊ लागतो आणि तो संपला की थांबावेच लागते. आता दोन विद्यार्थी कल्पू. दोघांची सीमाशक्ती २०० वॅट. पहिल्याचा साठा २० किलोज्यूल, दुसऱ्याचा १०. दर मिनिटाला २० वॅटने चढणारी चाचणी दोघांनी दिली. गणित केल्यास पहिला सुमारे ३१५ वॅटपर्यंत पोहोचतो, दुसरा सुमारे २८२ पर्यंत. अखेरच्या मिनिटाचे ७५ टक्के काढले की पहिल्याला २२९ वॅट मिळतात, दुसऱ्याला २०४.

तासभराच्या कामासाठी दोघे समान आहेत, तरी पहिल्याच्या माथी २५ वॅट अधिक मारले जातात. २२९ वॅटवर तो सीमेच्या २९ वॅट वर असतो. २० किलोज्यूलचा साठा २९ ने भागल्यास सुमारे ६९० सेकंद येतात, म्हणजे साडेअकरा मिनिटे. बाराव्या मिनिटाला तो थांबला, कारण भागाकाराचे उत्तर तेवढेच होते. ज्या चाचणीत तो अधिक चमकला, तिनेच त्याला नापास होण्याची सोय करून ठेवली.

आता खोलीकडे वळू. मानवी शरीराची कार्यक्षमता २२ टक्के धरली, तर पेडलवर २०० वॅट देताना सुमारे ७०० वॅट उष्णता निर्माण होते. ती मुख्यतः घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर जाते, आणि बाष्पीभवनाचा वेग त्वचा व हवा यांच्यातील बाष्पदाबाच्या फरकावर ठरतो. १८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत हा फरक सुमारे ४.६ किलोपास्कल असतो. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत तो २.३ वर येतो, म्हणजे निम्मा.

त्यात हवा स्थिर. रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तितकाच वारा फुकट मिळतो. खोलीत तो शून्य. अशा स्थितीत अंग पूर्ण ओले झाले तरी सर्व मार्गांनी मिळून सुमारे ५०० वॅटच उष्णता बाहेर पडू शकते. उरलेले २०० वॅट शरीरात साठतात आणि सुमारे वीस मिनिटांत शरीराचे तापमान एका अंशाने वाढते. समोर सेकंदाला तीन मीटर वारा देणारा पंखा ठेवला, तर केवळ बाष्पीभवनाची कमाल मर्यादा हजार वॅटच्या वर जाते. ज्याला ‘मनोबल’ म्हटले जाते, त्यातला बराच भाग येथे पंख्याच्या पात्यांत असतो.

शेवटचा घाव यंत्र घालते. ‘अर्ग’ पद्धतीत ट्रेनर शक्ती स्थिर राखतो. शक्ती म्हणजे बलघूर्ण गुणिले कोनीय वेग. मिनिटाला ९० फेऱ्यांवर २०० वॅटसाठी सुमारे २१ न्यूटन-मीटर लागतात, ६० फेऱ्यांवर ३२. दमलेल्याचे पाय मंदावले की यंत्र पेडल आणखी जड करते, त्यामुळे पाय आणखी मंदावतात आणि अखेर थांबतात.

यावर आक्षेप ठरलेला आहे: अशी कारणे पुरवली तर मुले कष्ट सोडतील. झोप, आहार आणि जिद्द यांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. व्यायाम कठीण असावा, हेही मान्य. परंतु प्रयोगशाळेत मापन आणि भाकीत जुळले नाही, तर आधी उपकरण, गुणक आणि परिस्थिती तपासली जाते. पदार्थाला कोणी आळशी म्हणत नाही. मग माणसाबाबतच हा क्रम उलटा का? शिवाय दमट उष्णतेत शरीराचे इशारे धुडकावून पुढे रेटणे हे शौर्य नाही. त्यात उष्माघाताचा धोका आहे.

उपाय महाग नाहीत. चाचणी आणि व्यायाम एकाच यंत्रावर, एकाच खोलीत, एकाच पंख्यासमोर करावेत. तापमान आणि आर्द्रता वहीत लिहावी. एका चाचणीऐवजी वेगवेगळ्या दिवशी तीन आणि बारा मिनिटांच्या दोन चाचण्या द्याव्यात. पहिल्यात ५६ आणि दुसऱ्यात १६४ किलोज्यूल काम झाले, तर १०८ किलोज्यूलचा फरक ५४० सेकंदांनी भागावा. २०० वॅट ही सीमाशक्ती हाती येते. व्यायाम तरीही सुटू लागला तर लक्ष्य पाच टक्के उतरवावे, आणि ते उतरवताना शरमू नये.

याच तंजावूरात १७९८ ते १८३२ या काळात दुसऱ्या सरफोजीराजांची कारकीर्द झाली. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, रुग्णांच्या डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. प्रत्येक रुग्णाची नोंद वेगळी आणि प्रत्येक डोळ्याचे चित्र वेगळे. सरासरी डोळ्यावर उपचार करता येत नाहीत, हे त्या दरबाराला उमगले होते. दोन शतकांनंतर त्याच गावातल्या एखाद्या खोलीत घामाने निथळणाऱ्या विद्यार्थ्याला सरासरी पायांच्या मापाने मोजले जात असेल, तर ‘अपूर्ण’ हा शेरा त्या मापावरच लिहायला हवा.